‘कंट्री’ मालाची कुळकथा

१८५३ च्या तहाने नळदुर्ग निजामाकडून इंग्रजांकडे गेले आणि मेडोज टेलर हा साहेब इथल्या कारभारावर आला. त्या काळी इंग्रजांच्या बोलण्यात मालाच्या दोन जाती असत. सातासमुद्रापलीकडून आला तो ‘युरोप’, इथे पिकला वा घडला तो ‘कंट्री’. हे ‘कंट्री’ म्हणजे खेडे नव्हे. आपल्या ‘देशी’चेच ते भाषांतर, असे यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश सांगतो. शब्दाला बहुधा तुच्छतेचा वास असे, हेही कोशकार लपवीत नाहीत.

गंमत अशी की, हा शिक्का कूळ पाहून बसत नसे. रताळ्याला कोणी ‘कंट्री बटाटा’ म्हणत. वास्तविक बटाटा काय नि रताळे काय, दोन्ही अमेरिकेचीच. रताळे आधी येऊन रुळले, एवढेच. आपण तरी काय वेगळे करतो? मेक्सिकोकडची ती ‘विलायती चिंच’, आणि आफ्रिकेतून आलेली चिंच मात्र घरची!

१८६० मध्ये नळदुर्ग निजामाकडे परतले. शब्द मागे राहिला. महाराष्ट्राच्या १९७३ च्या नियमांत देशी दारू ‘कंट्री लिकर’च आहे. आज बाजारात ‘गावरान’ म्हटले की अंड्याचा भाव चढतो. वर्गात मात्र एक पोर दुसऱ्याला ‘गावठी’ म्हणून हिणवते. साहेब गेला, त्याचा तराजू अजून आपल्याच हातात आहे.