सेटलमेंटमधील शिक्षण (सोलापूर)

ब्रिटिश सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट आदी जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवले. त्या वसाहतीतील मुलांचे शिक्षण आणि मुक्ततेनंतरची त्याची वाटचाल हा या नोंदीचा विषय. शहरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही वस्तीचा पत्ता म्हणून चालते.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापूरच्या कापड गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या लोकांवर नजर हवी होती; सेटलमेंटमुळे दोन्ही साधले. मोठ्यांनी गिरणीत राबायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर पडताना पास घ्यायचा. मुलांना शाळा सक्तीची होती. आजूबाजूच्या कित्येक खेड्यांत तेव्हा शाळा नव्हती, म्हणून या सक्तीचे कौतुक झाले. पण याच कायद्याने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला दिला होता. शिकलेला मुलगाही कागदोपत्री ‘गुन्हेगार’च राही. अशा शिक्षणाला सबलीकरण म्हणता येत नाही. अक्षरओळख मात्र पदरात पडली आणि पुढे कामी आली.

मुंबई राज्याने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला, देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. पुढे या मुक्त झालेल्या, म्हणजे ‘विमुक्त’, जमातींसाठी आश्रमशाळा, शिष्यवृत्त्या आणि आरक्षण आले. सोलापूरचे कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला. शेजारच्या तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी येथे गिरीश प्रभुणे व सहकाऱ्यांनी पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली.

खरी अडचण कागदाची. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातदाखल्यासाठी महाराष्ट्रात 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा पालावर राहिले त्यांनी तो आणायचा कुठून?

म्यानमारमधील रोहिंग्यांच्या बाबतीत कागदाचा हाच प्रश्न फार टोकाला गेला आहे. म्यानमारच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना नागरिकांच्या यादीबाहेर ठेवले. ऑगस्ट 2017 मधील लष्करी कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेथील कॉक्स बाजारच्या छावण्यांत मुलांना आधी अनौपचारिक वर्ग मिळाले. म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू व्हायला 2021 उजाडले. विमुक्तांना निदान मतदानाचा हक्क मिळाला आणि त्या जोरावर ते आयोग मागू शकले. रोहिंग्यांकडे ते बळ नाही, त्यामुळे त्यांच्या शाळा यजमान सरकार आणि देणगीदार संस्था यांच्या मर्जीवर चालतात.

भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जातीच्या सवलतीसाठी मात्र जातीचा दाखला लागतोच.