हंगामी मास्तर

हर्ण्याच्या बंदरात 'हंगामी' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, खलाशी आपापल्या गावी जातात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा माणसे जमवायची आणि समुद्रात उतरायचे. हंगाम आहे म्हणून माणूस हंगामी. त्यात लपवाछपवी कसली नाही. तोच शब्द शाळेत शिरला, की मात्र त्याचा अर्थ बिघडतो. पहिलीत बसलेले पोर चार-पाच वर्षे तिथेच असते. ते जायच्या आत त्याचे धाकटे भावंड येऊन बसते. काम कायमचे, मुले कायमची आणि मास्तर तेवढा हंगामी, हा प्रकार आपल्याकडे कसा रूढ झाला, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

पूर्वी मास्तर कायमचा असे आणि अलीकडेच सारे बिघडले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नव्हे. पंतोजी कुठे कायमचा होता? देवळात किंवा कोणाच्या ओटीवर त्याची शाळा भरे, पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, आणि आईबाप देतील ते धान्य, सणावाराची भेट आणि थोडे पैसे यांवर त्याचे पोट चाले. पंतोजी गेला की शाळा गेली. १८५४ चा वूडचा खलिता आला, १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते निघाले, त्याबरोबर नवी पुस्तके आली, तपासनीस आले, हे सगळे सांगतात. पण माझ्या मते त्या खात्याने आणलेली सर्वांत मोठी नवी वस्तू म्हणजे 'जागा'. मास्तर बदलला, आजारी पडला, वारला, तरी जागा शिल्लक राहते आणि तिच्यावर दुसरा माणूस आणणे हे कोणाचे तरी कर्तव्य असते, ही कल्पना पंतोजीच्या काळात नव्हती.

बदली मास्तर जन्माला आला तो या जागेच्या पोटी. कोणी रजेवर गेला, तर त्याच्या जागी तेवढ्यापुरता दुसरा. हंगामी असे ते त्याचे येणे. जागा पक्कीच असे. पगार मात्र कोणाचाच धड नव्हता. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक मास्तराला कोणत्याही गावी १२ रुपयांहून कमी पगार देऊ नये, मोठ्या गावी १५ किंवा २० द्यावा, अशी मागणी आहे. शाळा सुधारायची तर आधी मास्तराच्या ताटाकडे पाहिले पाहिजे, हे त्या माणसाला तेव्हा कळले होते.

आमच्या शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे हेही एके काळी असेच तासांवरचे मास्तर होते, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८८४ साली बी.ए. झाल्यावर मुंबईत या शाळेतून त्या शाळेत तास घेत त्यांनी संसार चालवला. टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा मोकळी झाली. गोखल्यांनी कर्व्यांना बोलावले आणि १८९१ साली ते पुण्यास गेले. दुसऱ्याच्या मोकळ्या जागेवर आलेला हा माणूस पुढच्याच वर्षी सोसायटीचा आजीव सदस्य झाला आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवीत राहिला. हिंगण्याचा आश्रम उभा राहिला तो याच काळात. पुढच्या जूनला आपण कुठे असू, याचा घोर ज्याला नाही, तोच वीस वर्षांचे बेत करू शकतो. अर्थात सगळेच कर्वे होत नाहीत. पण तासातासाला शाळा बदलीत राहिले असते, तर कर्वेही झाले नसते.

स्वातंत्र्यानंतर ही जागा अधिक घट्ट झाली. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि वाडीवाडीची शाळा त्यांच्याकडे गेली. खाजगी शाळांत संचालकांच्या मर्जीवर नोकऱ्या टांगलेल्या असत, त्याला १९७७ च्या कायद्याने आळा घातला. कायम जागा रिकामी झाली की ती शक्य तितक्या लवकर भरावी आणि दोन वर्षांच्या परिविक्षेनंतर माणूस कायम व्हावा, असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

आणि मग २००० साल उजाडले. सरकारने 'शिक्षण सेवक' योजना आणली. नाव काय सुरेख! सेवकाला पगार नसतो, मानधन असते. जागा कायम, पात्रता पूर्ण, काम पूर्ण, पण पहिली तीन वर्षे मानधनावर. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला कित्येक वर्षे महिना ६,००० रुपये मिळत. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. पूर्वी हंगामीपण माणसाला चिकटलेले असे, ते आता जागेला चिकटू लागले. वस्तीशाळांवर तर याहून वाईट अवस्था होती. जिथे शाळा नव्हती तिथे स्वयंसेवक नेमले, नाममात्र मानधनावर पोरे शिकवून घेतली, आणि त्या माणसांना नियमित सेवेत घ्यायला २०१४ साल उजाडले. नोकरी नसलेल्या तरुणाचे दशक असे निघून जाते.

२०१२ साली शिक्षकभरतीवरच बंदी आली. २०१७ च्या अखेरीस अभियोग्यता चाचणी झाली, 'पवित्र' नावाचे संकेतस्थळ निघाले. पण मधल्या काळात निवृत्त होणारे काही थांबले नव्हते. रत्नागिरीचे दुखणे त्यात आणखी निराळे. इथल्या रिकाम्या जागांवर घाटावरची मुले येतात, काही वर्षे इमानाने काढतात आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी आपल्या जिल्ह्यात बदली मागतात. त्यांना दोष देववत नाही. दोष असलाच तर बदलीवर आधी सोडून मागून माणूस शोधण्याच्या रीतीचा. २०२३ साली आंतरजिल्हा बदल्यांत शेकडो शिक्षक एकदम जिल्ह्याबाहेर गेले आणि कुलूप लागू पाहणाऱ्या शाळांवर स्थानिक डी.एड. झालेली मुले-मुली मानधनावर बसवावी लागली. त्याच वर्षीच्या जुलैत निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर कंत्राटाने परत बोलावण्याचा निर्णय झाला. म्हणजे पेन्शन घेणाऱ्याला वीस आणि नव्याने आलेल्याला सोळा!

न्यायालयाचे दारही यांना अर्धेच उघडे आहे. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रीतसर निवडीवाचून घेतलेला माणूस केवळ पुष्कळ वर्षे राहिला म्हणून कायम होत नाही. तसे केले तर बाहेर ताटकळणाऱ्यांवर अन्याय होईल. तर्क बिनतोड आहे. एवढेच, की रीतसर निवड लांबवायची सोय ज्याच्या हाती, त्यालाच त्या तर्काचा फायदा मिळतो.

२०२४ च्या ५ सप्टेंबरला, ऐन शिक्षकदिनी, आणखी एक आदेश निघाला. वीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेत दोनांपैकी एक शिक्षक कंत्राटी असावा, महिना १५,००० रुपये. पटसंख्येचा हा आकडा वाचून शहरातल्या माणसाला काही वाटणार नाही. कोकणात वाडी डोंगराच्या एका कुशीत, तर दुसरी खाडीपलीकडे. वीस मुलांची शाळा ही इथली भरलेली शाळा. रजेवर गेलेल्या कोणाच्या बदली हा माणूस येणार नव्हता. जागाच कंत्राटी ठरली होती.

ओरड झाली, आकडा वीसवरून दहावर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आदेशच रद्द झाला. तोवर काही शाळांवर माणसे रुजू झाली होती. त्यांतल्या कित्येकांचा जीव पोरांवर जडलाही असेल. पहिलीच्या वर्गात जीव जडायला फार दिवस लागत नाहीत. वेळ लागतो तो मुलाची घरची बोली कळायला. कोळ्याचे पोर वल्हे, जाळे, भरती-ओहोटी यांचे शब्द घेऊन शाळेत येते, पुस्तकातले शब्द त्याला परके असतात. मास्तराला त्याची बोली उमजते, पोराला मास्तराची, आणि मग कुठे वाचन सुरू होते. त्याला दिवाळीपर्यंतचा काळ लागतो असा माझा अनुभव आहे. आदेश रद्द झाला तेव्हा वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आल्या होत्या.