तारेचे तापमान तारेलाच विचारणारी पाटी : व्हेपोरायझरच्या कंट्रोल बोर्डामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ २०१४ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील इव्हॉल्व्ह या कंपनीने डीएनए ४० नावाचा कंट्रोल बोर्ड बाजारात आणला. काडेपेटीहून लहान असलेल्या या पाटीचा दावा मोठा होता. व्हेपोरायझरमधील तार तुम्ही ठरवून दिलेल्या तापमानापलीकडे जाणार नाही, असे ती सांगत होती. मात्र तारेला तापमापक जोडलेलाच नव्हता. मग बोर्डाला तापमान कळे तरी कसे? #थ्रेड

२/ उत्तराआधी उपकरणाची ओळख करून घेऊ. धातूच्या तारेचे वेटोळे, त्यातून ओवलेली कापसाची वात, वातीत भिजलेला द्रव आणि मागे बॅटरी. वीज सोडली की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. विजेवर चालणाऱ्या अशा बाष्पकाचे पेटंट जोसेफ रॉबिन्सन यांना १९३० साली, तर धूररहित सिगारेटचे पेटंट हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ साली मिळाले होते. दोन्ही कल्पना कागदावरच राहिल्या. आजच्या ई-सिगारेटचा उगम चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांच्या २००३ च्या सुमाराच्या कामात मानला जातो.

३/ ही उपकरणे पश्चिमेत पोहोचली तेव्हा त्यांची बॅटरी इवलीशी होती. हौशी कारागिरांनी विजेरीच्या नळ्या घेतल्या, त्यांत मोठ्या लिथियम बॅटऱ्या बसवल्या आणि घरच्या घरी उपकरणे घडवली. त्यांतील काहींमध्ये सर्किट नावाची गोष्टच नव्हती. बटण दाबले की बॅटरी थेट तारेला जोडली जाई. शॉर्ट झाले तर रोखणारे कोणी नसे. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससात उपकरण फुटून एकेक माणूस दगावला. नियंत्रणाची गरज अशा धोक्यातून जाणवू लागली.

४/ पहिला उपाय वॅटचा होता. तारेत किती शक्ती जावी हे बोर्ड ठरवू लागला. त्याने शॉर्ट ओळखला, बॅटरी फार उतरली की पुरवठा थांबवला. पण वात कोरडी पडली आहे, हे त्याला कळत नसे. वात ओली असताना बरीचशी उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्ची पडते. वात सुकली की तीच शक्ती तारेला भराभर तापवते, कापूस करपतो आणि द्रवातील ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन यांसारखी घातक रसायने तयार होऊ शकतात.

५/ जानेवारी २०१५ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचे एक पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. ३.३ व्होल्टला त्यांना फॉर्मल्डिहाइडची संयुगे आढळली नव्हती, ५ व्होल्टला आढळली. टीकाकारांचे म्हणणे असे की, इतकी करपलेली वाफ कोणी ओढणारच नाही. या वादात एक गोष्ट निसटत होती : व्होल्टचा आकडा तापमान सांगत नाही. तार प्रत्यक्षात किती तापली, हा खरा प्रश्न होता.

६/ त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात तयार होते. धातू तापला की त्याची वीजवाहकता घटते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ साली दाखवले होते. पुढे समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलची प्रचंड वेटोळी आतून तापू लागली, तर ते बाहेरून कसे ओळखायचे, हा प्रश्न विल्यम सीमेन्स यांच्यापुढे आला. वेटोळ्याच्या पोटात तापमापक पोहोचणार कसा? त्यांनी तारेचा विद्युत्‌रोध मोजून तापमान काढण्याचा मार्ग धरला. १८७१ मध्ये रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात त्यांनी प्लॅटिनमच्या तारेचा तापमापक मांडला.

७/ सीमेन्स यांचा तापमापक मात्र भरवशाचा ठरला नाही. फार तापवल्यावर त्याचे वाचन सरकत असे. १८८७ मध्ये ह्यू कॅलेंडर यांनी दाखवून दिले की, तार शुद्ध असेल, तिच्यावर ताण नसेल आणि ती नीट सांभाळली असेल, तर हीच पद्धत अत्यंत अचूक होते. हा धडा ध्यानात ठेवा. सव्वाशे वर्षांनी तो घरोघरच्या कारागिरांना पुन्हा गिरवावा लागला.

८/ इथे इतिहासाने एक गंमत केली. विजेच्या शेगड्यांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी अल्बर्ट मार्श यांनी नायक्रोम शोधला आणि १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्ट्झो यांनी कॅन्थल. तापले तरी रोध फारसा बदलत नाही, हा या मिश्रधातूंचा गुण. सुरुवातीची बहुतेक व्हेपोरायझर याच तारांवर चालत. शेगडीला जो गुण, तो तापमान ओळखू पाहणाऱ्या बोर्डाला अवगुण ठरला. कॅन्थलची तार आपल्या तापाविषयी मौन बाळगते.

९/ म्हणून डीएनए ४० ने शुद्ध निकेलची तार मागितली. निकेलचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ०.१५ ओहम असलेले वेटोळे २२० अंशांना जवळपास ०.३३ ओहम होते. बोर्ड तार तापवतानाच तिचा रोध मोजत राहतो आणि आकडा ०.३३ जवळ आला की शक्ती कमी करतो. सीमेन्स यांची युक्तीच ही. फक्त तापवणारी तार आणि तापमापक आता एकच झाले होते.

१०/ २०१५ मध्ये डीएनए २०० आला आणि त्यासोबत संगणकावर चालणारे ईस्क्राइब हे सॉफ्टवेअर. सुटा बोर्ड विकत घ्यायचा, लाकडाची वा अ‍ॅल्युमिनियमची पेटी स्वतः घडवायची, डाख देऊन तारा जोडायच्या आणि यूएसबीने बोर्डाला सूचना द्यायच्या. टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टील वापरायचे असेल, तर त्या धातूचा तापमान-रोध आलेख फाइलमधून भरायचा. बोर्ड प्रोग्राम करणे म्हणजे मुख्यतः हेच : कोणत्या धातूवर किती विश्वास ठेवायचा, हे त्याला शिकवणे.

११/ तांत्रिक साहाय्याची खरी गरज इथून सुरू झाली. एकट्या कारागिराला उलगडत नाही असा सर्वांत धोकादायक दोष पाहा. बोर्ड नव्या वेटोळ्याचा थंड असतानाचा रोध आधारभूत मानतो. समजा, आधीच्या वापराने ते वेटोळे ६० अंशांवर होते आणि बोर्डाने ते २० अंशांचे धरले. मग ०.१५ ऐवजी ०.१८६ ओहम हा पाया झाला. पडद्यावर २२० दिसेल, पण तार प्रत्यक्षात ३०८ अंशांच्या आसपास असेल. ग्लिसरीन २९० अंशांना उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे चुकीचे गांभीर्य कळेल.

१२/ दुसरा दोष सैल स्क्रूचा किंवा कच्च्या डाखाचा. स्टीलच्या ०.५ ओहमच्या वेटोळ्यात जोडणीमुळे ०.०१ ओहमची भर पडली, तरी तापमानाचा हिशेब वीस-बावीस अंशांनी चुकतो. स्टीलचा रोध तापाबरोबर फारच थोडा वाढतो म्हणून. त्यामुळे जाणकारांचा सल्ला साधा असे : वेटोळे पूर्ण थंड होऊ द्या, स्क्रू आवळा, मगच रोध नोंदवा. पेटीतील जोडण्यांचा स्वतःचा रोध मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरा. चालू उपकरणाचा आलेख पाहा. रेषा थरथरत असेल तर दोष बहुधा जोडणीत आहे.

१३/ हा सल्ला वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपला वर्ग आठवावा. बखरीतील एखादी तिथी चुकीची असेल आणि तिलाच प्रमाण मानून आपण पुढचा कालक्रम रचला, तर हिशेब आतून सुसंगत दिसतो आणि तरीही सगळा सरकलेला असतो. बोर्डाचे गणित अचूक होते. त्याच्या हाती आलेले पहिले साधन सदोष होते. साधनचिकित्सेचा हाच नियम कॅलेंडर यांनी प्रयोगशाळेत घालून दिला होता.

१४/ बोर्डाची मर्यादाही सांगायला हवी. तो तार जाणतो, द्रव जाणत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगशी निगडित फुप्फुसविकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तपासाचा रोख प्रामुख्याने गांजातील टीएचसीच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटकडे वळला. नेमक्या तापमानानेही द्रवातील विष जात नाही, आणि निकोटिनचे व्यसन तर कोणत्याच अंशाला सुटत नाही.

१५/ दरम्यान बाजार पालटला. २०१५ पासून जूलसारखी सीलबंद, खिशात मावणारी उपकरणे आली. त्यांत उघडण्याजोगे, मोजण्याजोगे काही उरले नाही. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपात कडक नियम लागू झाले. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी घातली. तेव्हा हा थ्रेड उपकरण बनवण्याची शिफारस मुळीच नाही.

१६/ मग हा इतिहास का वाचायचा? यंत्राच्या पडद्यावरचा आकडा आपण निमूटपणे खरा मानतो म्हणून. त्या आकड्यामागे डेव्हींचे निरीक्षण, सीमेन्स यांची केबल, कॅलेंडर यांची शिस्त आणि कोणा अनोळखी माणसाला ‘आधी स्क्रू आवळून पाहा’ असे धीराने सांगणारे कारागीर आहेत. सीलबंद डबीत आकडा राहिला तरी त्याला प्रश्न विचारण्याची वाट बंद होते. पुढच्या वेळी एखादे यंत्र तुम्हाला ठामपणे काही सांगेल, तेव्हा एवढेच विचारा : याचा पाया कोणी मोजला आणि तो मोजताना तार थंड होती का?

(थ्रेड समाप्त)