सभा आणि स्थळ

सभासंमेलनें भरविणें हा अलीकडे एक मोठा धंदाच होऊन बसला आहे. मंडप, भोजन, निवास या प्रत्येकाचे मक्तेदार निराळे. २०२० सालच्या साथीपासून तर दूरस्थ श्रोत्यांची सोयही त्यांत आली. त्यामुळें व्यवस्था म्हणजेच सभा, असा समज दृढ होऊं पाहत आहे. इतिहासाचा दाखला मात्र याच्या उलट पडतो.

राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरांत पुण्यास भरावयाचें होतें. सार्वजनिक सभेनें तयारीही केली होती. ऐन वेळीं तेथें पटकी उद्भवली, व अधिवेशन मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत हलवावें लागलें. जमले अवघे ७२ प्रतिनिधी. परंतु त्यांनीं ९ ठराव केले, आणि त्या ठरावांनींच सभेस पुढील वर्षाचें निमंत्रण मिळवून दिलें असें आम्ही समजतों.

नाशिकचें साहित्यसंमेलनही साथीमुळें २०२१ च्या मार्चांतून डिसेंबरांत गेलें. नियोजित अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळें येऊं शकले नाहींत. तरी संमेलन भरलेंच. स्थळकाळ बदलले तरी सभा तगते. प्रयोजन हरपलें तर उरतो तो केवळ मंडप. म्हणून संमेलनाचा हिशेब मागतांना किती माणसें आलीं यापेक्षां काय ठरलें, हें आपण प्रथम विचारावें.