अधिक एक, उणे वीस

माझं चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे दुर्बिणीचा इतिहास वाचताना माझं लक्ष आधी काचेच्या नंबराकडे जातं. गॅलिलिओच्या वीसपट दाखवणाऱ्या दुर्बिणीत पुढची काच साधारण अधिक एक नंबराची, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला वाचायला देतात तसली, आणि डोळ्याजवळची उणे वीसची. नळी मीटरभरापेक्षा थोडी कमी. अधिक नंबराचे चष्मे इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीपासून होते, उणे नंबराचेही पुढे आले. तरी दुर्बीण यायला 1608 साल का उजाडावं लागलं?

याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर रॉल्फ विलाख या अभ्यासकाचं आहे. त्याने शेकडो वर्षांपूर्वीची भिंगं प्रत्यक्ष तपासली. हाताने घासलेल्या त्या भिंगांचा मधला भाग बरा असे, पण कडेकडे आकार बिघडत जाई. चष्म्यात हे खपून जायचं, कारण एका वेळी आपली बाहुली काचेचा काही मिलिमीटरांचाच तुकडा वापरते. दुर्बिणीत मात्र पूर्ण भिंगातून आलेला प्रकाश एकाच चित्रात मिसळतो. कडेच्या वाईट काचेने मधल्या चांगल्या काचेचं काम नासवलं, की उरतो तो धुरकट गोळा. म्हणजे दोन काचा एकापुढे एक धरून पाहणारे आधीही असतील, पण त्यांना पाहण्याजोगं काही दिसलं नसणार. विलाखच्या मते नेदरलँड्समधल्या मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे याने पुढच्या काचेची कड झाकली आणि मध्ये लहानसं भोक ठेवलं. प्रकाश घटला, पण चित्र उघडलं. ऑक्टोबर 1608 मध्ये त्याने हेगला एकाधिकारासाठी अर्ज केला. तो मिळाला नाही, कारण ही युक्ती आपल्यालाही ठाऊक आहे म्हणणारे आणखी पुढे आले.

गॅलिलिओही तेच करत होता. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या त्याच्या एका दुर्बिणीचं भिंग 37 मिलिमीटर रुंद आहे, पण उघडं ठेवलेलं आहे ते 15 मिलिमीटर. एवढी काच घासायची आणि निम्म्याहून जास्त झाकून टाकायची! काच घासणाऱ्यालाच कळेल या निर्णयाला किती धीर लागतो.

त्याच्या कष्टांचा एक फार जिवंत पुरावा शिल्लक आहे. नोव्हेंबर 1609 मध्ये आलेल्या एका पत्राच्या कोऱ्या जागेवर त्याने बाजाराची यादी लिहिली. त्यात मसूर, पांढरे छोले, तांदूळ, मनुका, मिरी, लवंगा, दालचिनी आहेत, लहानग्या मुलासाठी, विन्चेंझिओसाठी, सपाता आणि टोपी आहे. आणि त्याच यादीत तोफेचे गोळे, ऑर्गन या वाद्याची कथलाची नळी, जर्मन काच, स्फटिकाचे तुकडे, ग्रीक राळ, नमदा, पॉलिशची माती, लोखंडी वाडगा. तोफेचे गोळे लढाईसाठी नव्हेत. खोलगट काच घासायला तयार गोल आकार हवा, त्यासाठी ते असावेत. एवढं करूनही साठाहून अधिक दुर्बिणींतून आकाशातल्या नव्या गोष्टी दाखवू शकतील अशा थोड्याच निघाल्या, असं त्याने 1610च्या मार्चमध्ये लिहिलं.

दिवाळीनंतर माझ्याकडे लोक नवी कोरी दुर्बीण घेऊन येतात. "काका, सगळं अंधुक दिसतंय, काच बदलून द्या." मी काच बदलत नाही. मी 7 जानेवारी 1610च्या गॅलिलिओच्या पत्रातले सल्ले त्यांना सांगतो, कारण तेवढ्यात बहुतेक तक्रारी संपतात. तो म्हणतो, नळी पक्क्या जागी टेकवा. हातात धराल तर नाडीच्या ठोक्याने आणि श्वासाने ती थरथरते. काचांवर श्वासाची, दमट हवेची, इतकंच काय डोळ्यातून निघणाऱ्या उबेची वाफ बसू देऊ नका. नळी चार बोटं लांब-आखूड करता आली पाहिजे, कारण जवळचं पाहायला ती लांबवावी लागते, दूरचं पाहायला आखूड करावी लागते. आणि पुढची काच थोडी झाकलेली बरी, त्याने वस्तू पुष्कळ स्पष्ट दिसतात. आजच्या पाहणाऱ्यासाठी यात मी एकच भर घालतो: सर्वांत जास्त मोठं दाखवणारा आयपीस आधी लावू नका, कारण तो अंधुकपणाही तितकाच मोठा करतो.

इतकं सारं ठाऊक असलेल्या माणसाचीही एप्रिल 1610 मध्ये बोलोन्यात फजिती झाली. गणिताचे प्राध्यापक माजिनी यांच्या घरी 24 आणि 25 तारखेच्या रात्री गॅलिलिओने शोधलेले गुरूचे चंद्र त्याच्या दुर्बिणीतून पाहायला विद्वान मंडळी जमली. माजिनींचा तरुण मदतनीस मार्टिन होर्की याने लगेच खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवलं, की हे यंत्र जमिनीवर नवल करतं, पण आकाशात फसवतं. एकेक तारा दोन दिसतो. होर्कीला इतिहासात मत्सरी म्हणून बाजूला सारतात, आणि त्याने पुढे लिहिलेली पत्रिका मत्सरीच होती. पण त्या रात्री त्याला जे दिसलं ते खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्या दुर्बिणीतून चंद्राचा अर्धाअधिक भागही एका वेळी मावत नसे. डोळा जरा सरकला की गुरू गायब. शिवाय उणे नंबराच्या माणसाला नळी आत ढकलावी लागते, इतरांना ती बाहेर हवी असते. रांगेतल्या प्रत्येकाने एकाच बसवलेल्या नळीला डोळा लावला असेल, तर निम्म्यांना धूसर दिसणं ठरलेलंच होतं.

निकाल लावला तो केप्लरने. देवीच्या आजाराने त्याची नजर लहानपणीच अधू झाली होती, आणि तरी चष्मा दृष्टी कशी सुधारतो याचा खुलासा 1604 मध्ये त्यानेच केला होता. ऑगस्ट 1610च्या अखेरीस कोलोनच्या आर्चबिशपने गॅलिलिओची एक दुर्बीण प्रागमध्ये त्याला काही दिवस वापरायला दिली. केप्लरने साक्षीदार बोलावले. प्रत्येकाने दुर्बिणीतून गुरू पाहायचा, दुसऱ्याला न दाखवता आपल्या पाटीवर खडूने गुरूजवळच्या चांदण्यांच्या, म्हणजे त्या चंद्रांच्या, जागा काढायच्या, आणि सगळ्यांचं झाल्यावरच पाट्या शेजारी ठेवायच्या. 9 सप्टेंबरपर्यंत हे चाललं. पाट्या जुळल्या, आणि केप्लरने तो वृत्तान्त साक्षीदारांच्या नावांसकट छापला.