लंबनाचं कुळ

साताऱ्यात घराच्या गच्चीवर उभं राहून हात लांब करा आणि अंगठा अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरवर धरा. आधी एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा. टॉवर जागेवरच राहतो, अंगठा मात्र टुणकन बाजूला सरकतो. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. किती सरकलं ते मोजता आलं की वस्तू किती लांब आहे ते सांगता येतं. या सरकण्याला आपल्या ज्योतिषगणितात फार जुना शब्द आहे : लंबन.

लंबन म्हणजे लोंबणं. पृथ्वीच्या मध्यातून चंद्र जिथे दिसला असता, त्याहून तो जमिनीवरच्या माणसाला जरा खाली, क्षितिजाकडे लोंबलेला दिसतो. चंद्र डोक्यावर असेल तर लंबन शून्य आणि क्षितिजावर असेल तर सर्वाधिक. सिद्धान्तग्रंथांनी हे सर्वाधिक लंबन ग्रहाच्या रोजच्या गतीच्या पंधराव्या भागाइतकं धरलं. चंद्रासाठी ते साधारण ५३ कला येतं, आजच्या मोजमापात सरासरी ५७ कला. उघड्या डोळ्यांच्या जमान्यातलं हे गणित आहे हे लक्षात घेतलं की ऊर भरून येतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हे समजावताना गुळगुळीत भिंतीवर आकृती काढायला सांगितली आहे. त्यात एक रेषा पृथ्वीच्या गर्भातून जाते, ते गर्भसूत्र; दुसरी पाहणाऱ्याच्या डोळ्यातून, ते दृक्सूत्र. दोन रेषांतली फट म्हणजे लंबन. खरं तर हे दोन डोळेच आहेत, फक्त त्यांच्यामध्ये पृथ्वीची अख्खी त्रिज्या आहे.

लंबन धरलं नाही तर सूर्यग्रहणाची वेळ चुकते. म्हणून १५२० च्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून पंचांगं करणाऱ्यांनाही ते टाळता येत नव्हतं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गाकडून सह्याद्री चढून कराडच्या मुलखावरून जेऊरकडे गेली. खग्रास कुठे आणि खंडग्रास कुठे, हे ठरतं ते लंबनामुळेच.

पुढे इंग्रजी शास्त्र मराठीत आणताना लंबनाच्या इंग्रजी नावाला, पॅरॅलॅक्सला, नवा शब्द घडवला गेला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशात तो ‘पराशय’ म्हणून भेटतो. शब्द चांगला आहे. पण मला लंबनच जवळचं वाटतं, कारण त्यात चंद्र लोंबताना दिसतो.

दोन खऱ्या डोळ्यांची बाजू १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टोननं मांडली. त्यानं एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी रेखाचित्रं दोन आरशांतून दोन डोळ्यांना दाखवली आणि कागदावरची आकृती भरीव दिसू लागली. ‘स्टिरिओ’चा ग्रीक अर्थही भरीव असाच आहे. आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर. एवढ्या फटीवर मेंदू खोली उभी करतो.

खऱ्या दृश्यात आभासी वस्तू मिसळून दाखवणाऱ्या, डोक्यावर चढवायच्या एक्सआर हेडसेटमध्ये तेच काम समोरचे कॅमेरे करतात. त्यात मांडलेली आभासी समई खऱ्या हातामागे झाकली जायला हवी असेल, तर हात किती लांब आहे हे यंत्राला सतत कळत राहावं लागतं. सूत्र सोपं आहे : वस्तूचं अंतर म्हणजे दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर गुणिले भिंगाचं नाभीय अंतर, भागिले दोन चित्रांतली सरक. वस्तूचं अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते, हेही त्यातूनच निघतं.

गणित इतकं जुनं आणि सरळ असताना अडतं कुठे? जुळवणीत. आकाशात चंद्र एकच. गर्भसूत्रावरचा आणि दृक्सूत्रावरचा चंद्र तोच का, अशी शंका भास्कराचार्यांना घ्यावी लागली नाही. आता सांगलीकडच्या उसाच्या फडासमोर उभे राहा. डाव्या कॅमेऱ्यातली ही कांडी उजव्या कॅमेऱ्यातल्या शेकडो कांड्यांपैकी नेमकी कोणती? तासगावच्या द्राक्षबागेत तर आणखी गंमत. मांडवाचा उभा खांब सहज जुळतो, पण आडवी तार जुळत नाही, कारण शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांना ती डावीउजवीकडे सरकली तरी तशीच दिसते.

उपायही सगळे जुळवणीभोवतीच फिरतात. २०१० च्या किनेक्ट या खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्यानं डोळ्याला न दिसणारे अवरक्त ठिपके खोलीभर शिंपडले, म्हणजे जुळवायला काहीच नसलेल्या कोऱ्या जागेलाही खुणा मिळाल्या. २००५ मध्ये हिर्शम्युलर या संशोधकानं, सरक ठरवताना चित्रातल्या शेजारच्या बिंदूंनी एकमेकांशी मिळतंजुळतं घ्यावं अशी रीत बसवली. अलीकडे संगणकानं रचलेली असंख्य दृश्यं दाखवून न्यूरल नेटवर्क शिकवतात, कारण तिथे प्रत्येक बिंदूचं खरं अंतर आधीच माहीत असतं. पण हे सगळं कपाळावरच्या लहानशा बॅटरीवर, काही मिलिसेकंदांत व्हायला हवं. त्यातच यंत्र तापून चौकट केसभर वाकली, की एका कॅमेऱ्यातली ओळ दुसऱ्यातल्या ओळीसमोर येत नाही आणि शोधच भलत्या जागी सुरू होतो.

सांगलीत भाचीच्या घरी मी असा एक हेडसेट लावून बसलो होतो. हॉलची भिंत नुकती पांढरी रंगवलेली, खिळासुद्धा काढून टाकलेला. काचेतून ती भिंत पाण्यासारखी हलत होती. तिच्यापुढे धरलेल्या माझ्या बोटांच्या कडाही वितळल्यासारख्या दिसत होत्या. भास्कराचार्यांनी आकृतीसाठी निवडली तसलीच ही भिंत, यंत्राला मात्र तिच्यात पकडायला काहीच नव्हतं. भाचीनं स्वयंपाकघरातून कालनिर्णय आणलं आणि दोन्ही हातांनी भिंतीवर धरलं. तारखा, तिथ्या, तांबड्या-काळ्या आकड्यांची दाटी. तेवढा चौकोन जागच्या जागी थांबला.

“मामा, आता?” तिनं विचारलं. कालनिर्णयाच्या कडेबाहेर भिंत अजून हलत होती.