लॉर्ड्सचे उघडलेले दार

लग्नाच्या वाढदिवसानिमित्त लंडनला जाऊन महिलांचा क्रिकेट सामना पाहणाऱ्या दांपत्याला आज लॉर्ड्सवर जोडीने बसता येते, यात कोणालाच नवल वाटत नाही. मात्र या मैदानाचा इतिहास वेगळा आहे. लॉर्ड्सची मालकी असलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबची (एमसीसी) स्थापना १७८७ सालची. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे तेथे महिलांना सभासदत्व नव्हते. प्रेक्षकांच्या सर्वसाधारण स्टँडमध्ये त्यांना प्रवेश होता. परंतु सामना सुरू असताना सभासद पती पॅव्हेलियनमध्ये बसे आणि पत्नीला तेथे मज्जाव असे.

महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९७३ साली, पुरुषांच्या स्पर्धेच्या दोन वर्षे आधी, इंग्लंडमध्येच झाली. ती जिंकूनही रॅचेल हेहो-फ्लिंट यांच्या इंग्लंड संघाला लॉर्ड्सवर पाऊल ठेवण्यासाठी १९७६ साल उजाडावे लागले. सभासदत्वाचा ठराव सप्टेंबर १९९८ मध्ये मंजूर झाला. पुढील वर्षी दहा महिला मानद सभासद झाल्या. हेहो-फ्लिंट त्यांपैकी एक होत्या.

२३ जुलै २०१७ रोजी याच मैदानावर विश्वचषकाची अंतिम लढत खचाखच भरलेल्या प्रेक्षागारासमोर रंगली. इंग्लंडच्या २२८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा केल्या. ३ बाद १९१ वरून भारताचा डाव २१९ धावांत आटोपला आणि विजय अवघ्या नऊ धावांनी हुकला. तो चषक भारताने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत जिंकला. तो सोहळा पाहण्यासाठी येथील रसिकांना परदेशवारी करावी लागली नाही.